रीफ टँकमध्ये नव्याने सोडलेल्या क्लॅमचे निदान कसे करावे

रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, नवा क्लॅम (दोन पुटांच्या शिंपल्यात राहणारा मऊ प्राणी) सोडला की पहिले दोन-तीन दिवस पाळणारा माणूस काचेला नाक लावून बसतो, आणि नेमक्या याच दिवसांत क्लॅमकडून सर्वांत कमी माहिती मिळते. माशाने खाणे सोडले तर कळते, त्याच्या अंगावर ठिपके उठले तर दिसतात. क्लॅमच्या खुणा मात्र मोजक्याच आहेत: मँटल (शिंपल्याबाहेर पसरणारा रंगीत मांसल पडदा) पसरणे किंवा आखडणे, सायफन (पाणी आत घेणारे किंवा बाहेर टाकणारे तोंड) आवळणे किंवा वासणे, शिंपला घट्ट मिटणे किंवा ढिला पडणे, आणि रंग उतरणे. प्रकाशाचा धक्का असो, खारटपणातील फरक असो, पायाला झालेली इजा असो, परजीवी गोगलगाय असो की कुरतडणारा मासा असो, सगळ्यांची तक्रार तो याच चार-पाच खुणांनी करतो. त्यामुळे एकेक लक्षण धरून त्याचे औषध शोधायला गेल्यास बहुधा फसगत होते. त्यापेक्षा दिसेल त्या लक्षणाला तीन प्रश्न विचारावेत: क्लॅम आणल्यानंतर किती वेळाने ते सुरू झाले, ते संपूर्ण मँटलवर आहे की एकाच बाजूला, आणि ते दिवसा दिसते की रात्री. या तीन उत्तरांपुढे टेस्ट किटचे आकडेसुद्धा मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, आणि हा मार्गदर्शक त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी निरोगी क्लॅम कसा दिसतो ते पाहून ठेवावे

टँकमध्ये पाळले जाणारे क्लॅम प्रामुख्याने ट्रायडॅक्ना या प्रजातीचे असतात. क्रोसिया आणि मॅक्सिमा हे दोन प्रकार खडकाला चिकटून राहतात. त्यांच्या शिंपल्याच्या तळाशी, बिजागरीजवळ, एक मोठे छिद्र असते आणि त्यातून पाय बाहेर येऊन बायसस धाग्यांनी खडक पकडतो. डेरासाच्या तळाचे छिद्र अगदी लहान असते आणि तो मोठेपणी वाळूवर स्वतःच्या वजनाने बसतो. स्क्वामोसाच्या शिंपल्यावर कौलांसारखे उभे खवले असतात, ज्यांच्या आडोशाला बऱ्याच नको असलेल्या गोष्टी लपतात. आपला क्लॅम यांपैकी कोणता, हे ठाऊक नसेल तर पुढचे बरेचसे निदान चुकते, कारण एका प्रकारासाठी सहज असलेली गोष्ट दुसऱ्यासाठी लक्षण ठरू शकते. स्क्वामोसा किंवा डेरासाचा पाणी आत घेणारा सायफन एरवीही बराच मोकळा दिसतो. तोच मोकळेपणा लहान मॅक्सिमामध्ये दिसला तर सावध व्हावे.

निरोगी क्लॅमचे मँटल दिवे लागल्यावर शिंपल्याच्या कडेपलीकडे झुकलेले असते आणि त्याची कड सर्व बाजूंनी साधारण सारखी पसरलेली असते. या पडद्याच्या काठावर शेकडो सूक्ष्म डोळे असतात. त्यांना स्पष्ट प्रतिमा दिसत नसली तरी सावली कळते, म्हणूनच काचेसमोरून हात फिरवला की क्लॅम झटकन आखडतो. ही चाचणी फुकटची आहे आणि ती रोज एकदा, ठरावीक वेळी करावी. दिवसभर पुन्हा पुन्हा केल्यास क्लॅम थकतो आणि काही वेळाने सावलीकडे दुर्लक्ष करू लागतो, ज्याचा चुकीचा अर्थ काढला जातो. आखडण्याइतकेच पुन्हा उघडणेही पाहावे. तरतरीत क्लॅम थोड्याच वेळात पूर्ववत पसरतो, तर अशक्त क्लॅम उशिरा आणि अर्धवट मिटतो.

निरोगीपणाची आणखी एक खूण शिंपल्याच्या वरच्या कडेला असते. वाढणाऱ्या क्लॅमच्या कडेवर नव्या, स्वच्छ पांढऱ्या कवचाची पट्टी दिसते. आणल्या दिवशीच कडेचा जवळून फोटो काढून ठेवावा, कारण महिन्याभराने ही पट्टी वाढली की नाही हे आठवणीवर सोडून चालत नाही.

काही गोष्टी उगाच घाबरवतात. अधूनमधून शिंपला जोरात मिटून पाण्याची पिचकारी सोडणे, बाहेर टाकणाऱ्या सायफनमधून तपकिरी बारीक कण किंवा दोरे येणे, आणि रात्री मँटल आत घेणे हे सारे नेहमीचे आहे. मोठ्या क्लॅमने अचानक दुधासारखा ढग सोडला तर ते बहुधा प्रजनन असते. हे प्राणी उभयलिंगी असून आधी शुक्राणू आणि नंतर अंडी सोडतात. तशा वेळी क्लॅमची नव्हे, तर पाण्यातील ऑक्सिजनची काळजी करावी. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातील मैला बाहेर काढणारे यंत्र) चालू ठेवावा आणि पाणी बदलावे.

पहिले अठ्ठेचाळीस तास

पिशवीतून आलेला क्लॅम पहिल्या दिवशी अर्धवटच उघडला तर तो आजारी आहे असे मानू नये. प्रवासात अंधार, थंड किंवा तापलेले पाणी आणि स्वतःचाच साचलेला मैला हे सगळे त्याने सोसलेले असते. या काळात फक्त तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे खारटपणा. पिशवीतील पाणी आणि टँकचे पाणी दोन्ही एकाच रिफ्रॅक्टोमीटरने मोजावे, आणि तो मोजण्यापूर्वी ३५ पीपीटीच्या (दर हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा. अनेक विक्रेते परजीवी आणि मीठखर्च दोन्ही आटोक्यात राहावेत म्हणून माशांच्या टाक्यांत खारटपणा कमी ठेवतात, आणि क्लॅम त्याच पाण्यातून आलेला असेल तर तुमच्या ३५ पीपीटीच्या टँकमध्ये तो दिवसभर घट्ट मिटून बसेल किंवा सायफन वासून राहील. आधीच सोडला असेल तर त्याला परत काढून पिशवीच्या पाण्यात टाकण्याचा प्रश्न उरत नाही. शांत जागी राहू द्यावा.

दुसरी गोष्ट म्हणजे अडकलेली हवा. क्लॅम पाण्याबाहेर काढताना शिंपल्यात हवा शिरते, आणि ती आत राहिली तर मँटलचा एखादा भाग फुगीर दिसतो किंवा क्लॅम वारंवार पिचकाऱ्या मारतो. त्याला पाण्याखाली धरून अगदी सावकाश एका अंगावर, मग दुसऱ्या अंगावर कलंडवावे. बुडबुडे बाहेर पडले की काम झाले. त्याला हलवायचे नसेल तर बऱ्याचदा तो स्वतःच ती हवा काढून टाकतो. टँकमध्ये परतीच्या पंपातून सतत सूक्ष्म बुडबुडे येत असतील तर मात्र हे पुन्हा पुन्हा होईल, तेव्हा दोष पंपात शोधावा.

तिसरी गोष्ट जागा. पॉवरहेडचा (टँकमध्ये प्रवाह निर्माण करणाऱ्या छोट्या पंपाचा) झोत थेट मँटलवर पडत असेल तर त्या बाजूची कड दुमडलेली किंवा उलटी वळलेली दिसते, आणि शेजारच्या प्रवाळाचे किंवा ऐप्टेशिया या नको असलेल्या समुद्री अ‍ॅनिमोनचे डंख मारणारे तंतू पोहोचत असतील तर तीच बाजू आत ओढलेली दिसते. एकच बाजू बिघडलेली असेल तर पाण्याचे रसायन क्वचितच कारणीभूत असते, कारण पाणी सगळ्या बाजूंना एकच असते. हे वाक्य लिहायला सोपे असले तरी मी स्वतः ते एकदा विसरलो. तो प्रसंग पुढे येईल.

पाय तपासणे

माझ्या मते नव्या क्लॅमच्या मृत्यूंमध्ये सर्वांत कमी तपासले जाणारे कारण म्हणजे फाटलेला पाय. खडकाला चिकटलेला क्रोसिया किंवा मॅक्सिमा कोणी हिसका देऊन उपटला तर धागे तुटण्याऐवजी धागे तयार करणारी ग्रंथी पायासकट फाटते. असा क्लॅम वरून देखणा दिसतो, पहिल्या दिवशी चांगला उघडतोही, आणि मग चार-सहा दिवसांत मँटल आत जात जात अचानक वासतो. वरून पाहून याचे निदान होत नाही.

म्हणून शक्य असेल तर आणतानाच तळ पाहावा. हात ओले करून क्लॅम सावकाश तिरका करावा आणि तळाच्या छिद्रात टॉर्च मारावा. आत गुळगुळीत, ओलसर, फिकट मांस दिसले आणि त्याच्याभोवती काही केसांसारखे धागे लोंबत असले तर चिंता नाही. धागे तुटले तरी नवे येतात. मात्र मांसाचे लोंबणारे तुकडे, चिंध्यांसारख्या कडा किंवा छिद्रातून बाहेर आलेला लिबलिबीत गोळा दिसला तर तो क्लॅम घेऊ नये. तो आधीच घरी आलेला असेल तर औषध म्हणून करण्यासारखे फारसे काही नाही. त्याला मंद प्रवाहात, मध्यम प्रकाशात, एका सपाट दगडाच्या तुकड्यावर ठेवावे, किडे आणि खेकडे पोहोचणार नाहीत याची व्यवस्था करावी आणि रोज उचलून पाहण्याचा मोह टाळावा. जखम लहान असेल तर एक-दोन आठवड्यांत तो नवे धागे टाकून दगडाला धरतो. त्याने धरलेली पकड हीच सुधारणेची खूण.

स्वतःला क्लॅम हलवायचा असेल तर तो कधीही ओढू नये. पातळ धारदार पाते शिंपला आणि खडक यांच्यामध्ये सरकवून धागे खडकाच्या बाजूने कापावेत. क्रोसिया आणि मॅक्सिमा यांना उघड्या वाळूवर ठेवणेही चुकीचे आहे. तळाचे मोठे छिद्र वाळूतील किड्यांना सरळ वाट देते, आणि क्लॅम पकड शोधत दिवसेंदिवस ताटकळतो.

रात्रीची पाहणी आणि तांदळाएवढ्या गोगलगाई

आता तो प्रसंग. एका मॅक्सिमाची डावीकडची कड आणल्यापासून आठवड्याभराने आत राहू लागली. उजवीकडची उत्तम पसरलेली. मी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषून घेण्याची क्षमता) तीन वेळा मोजली, पाणी बदलले, प्रवाहाची दिशा फिरवली आणि वर दिव्याची तीव्रताही कमी केली, म्हणजे एकाच आठवड्यात तीन बदल केले आणि त्यामुळे कोणत्याच बदलाचा परिणाम कळण्याची सोय ठेवली नाही. पाचव्या रात्री, दिवे मालवून दोन तास झाल्यावर, सहज टॉर्च मारला तर डाव्या कडेच्या खाली, शिंपल्याच्या दोन खवल्यांच्या खाचेत, शिजवलेल्या बारीक तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे काहीतरी ओळीने लागलेले दिसले. मोजले तर सात. त्यातला एक दाणा माझ्या डोळ्यांदेखत मँटलच्या कडेकडे सरकला आणि त्याने आपली सोंड आत खुपसली.

या पिरॅमिडेलिड कुळातील परजीवी गोगलगाई होत. त्या काही मिलिमीटर लांब, निमुळत्या आणि बहुधा पांढऱ्या असतात. सोंडेने क्लॅमच्या शरीरातील द्रव शोषून घेतात. दिवसा त्या तळाशी, छिद्राच्या आसपास किंवा खवल्यांच्या आडोशाला दडून बसतात आणि अंधार पडल्यावर मँटलच्या कडेपर्यंत चढतात. एक-दोन गोगलगाईंनी मोठा क्लॅम मरत नाही, परंतु त्या झपाट्याने वाढतात आणि पाच-सहा सेंटिमीटरचा लहान क्लॅम काही आठवड्यांत खचतो. प्रत्येक नवा क्लॅम त्या घेऊन आला आहे असे धरूनच पाहणी करावी.

पाहणी दिवे बंद झाल्यावर दोन-तीन तासांनी करावी, शक्यतो लाल प्रकाशाच्या टॉर्चने, म्हणजे क्लॅम आणि गोगलगाई दोन्ही बिचकत नाहीत. मँटलची कड, शिंपल्याच्या उभ्या खाचा, खवल्यांचा खालचा भाग आणि जमिनीलगतची बाजू असा क्रम ठेवावा. टँकमधल्या सगळ्याच लहान पांढऱ्या गोगलगाई परजीवी नसतात. काचेवर किंवा खडकावर शेवाळ खात फिरणाऱ्या निरुपद्रवी जाती अनेक आहेत. फरक जागेवरून ठरवावा. जी रात्रीमागून रात्री क्लॅमवरच सापडते, ती संशयित.

सापडल्यास क्लॅम टँकच्याच पाण्याने भरलेल्या वेगळ्या भांड्यात घ्यावा आणि मऊ टूथब्रशने संपूर्ण शिंपला घासावा, मँटल आणि पाय यांना ब्रश लागू न देता. गोगलगाई दिसतात, त्यांची अंडी मात्र दिसत नाहीत म्हटले तरी चालेल: शिंपल्याला चिकटलेले पारदर्शक, चिकट जेलीचे लहान थर म्हणजे ती अंडी. खवल्यांच्या पोटाशी ती हमखास राहतात, म्हणून तेथे ब्रशबरोबर टोकदार चिमटाही चालवावा. भांड्यातले पाणी टँकमध्ये परत ओतू नये. एकदा घासून काम संपत नाही. राहिलेल्या अंड्यांतून नवी पिढी येते, म्हणून दर तीन-चार दिवसांनी पाहणी करून हेच सलग काही आठवडे करावे आणि सलग अनेक रात्री एकही सापडेनाशी झाल्यावरच थांबावे. सिक्स-लाइन रास आणि हॅलिकोएरेस गटातील काही रास मासे या गोगलगाई टिपून खातात, आणि टँकमध्ये असे मासे असणे लाभाचे आहे. पण मासा दिवसा हिंडतो आणि गोगलगाय रात्री चढते, त्यामुळे मी त्यांच्यावर ब्रशचे काम सोपवत नाही.

याच पाहणीत मोठी, केसाळ कवचाची किंवा काटेरी गोगलगाय क्लॅमजवळ दिसली तर ती ताबडतोब बाहेर काढावी. सिमॅटियम ही केसाळ गोगलगाय पुटांमधून किंवा तळाच्या छिद्रातून आत शिरून क्लॅम खाते, आणि म्युरेक्स गटातील गोगलगाई शिंपल्याला गोल भोक पाडतात. यांच्या बाबतीत वाट पाहण्यासारखे काही नसते.

ब्रिसल वर्म्स या केसाळ समुद्री किड्यांबद्दल मात्र माझे मत रूढ मतापेक्षा वेगळे आहे. मरणाऱ्या क्लॅमवर ते घोळक्याने दिसतात आणि दोष त्यांच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा ते कुजणारे मांस खायला आलेले असतात; क्लॅम त्याआधीच हरलेला असतो. त्यांना पकडण्यात रात्र घालवण्याऐवजी तो का हरला ते शोधावे.

दिवसा मिटणारा क्लॅम

क्लॅम रात्री किंवा पहाटे व्यवस्थित दिसतो, पण दिवे लागून मासे फिरू लागले की आखडतो, असे असेल तर पहिला संशय माशांवर घ्यावा. बटू एंजलफिश, बटरफ्लायफिश, काही ब्लेनी आणि कधी कधी टँगसुद्धा मँटल टोचतात. काही कोळंब्याही त्यावर चढून कुरतडतात. एखादा मासा वर्षभर प्रवाळाला न शिवता राहिला असेल तरी नव्या क्लॅमला शिवणार नाही याची हमी नाही. मँटलच्या काठावर अर्धवर्तुळाकार चावे किंवा फाटलेल्या कडा दिसल्या तर पुरावा मिळाला, पण पुष्कळदा चावा न दिसताच क्लॅम केवळ टोचण्याने त्रासलेला असतो.

याची खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे छिद्रांची प्लास्टिकची पारदर्शक टोपली क्लॅमवर पालथी घालणे. पाणी आणि प्रकाश आत जातो, मासा जात नाही. बाकी काहीही न बदलता तीन दिवस थांबावे. टोपलीखाली क्लॅम पूर्ण पसरला आणि टोपली काढताच पुन्हा आखडला, तर निदान झाले. मग मासा की क्लॅम, हा निर्णय घेणे उरते. टोपलीखालीही तो तसाच राहिला तर मासे निर्दोष ठरतात आणि शोध पुढे सरकतो. इतकी स्वच्छ चाचणी क्लॅमच्या बाबतीत दुसरी क्वचितच मिळते.

रंग उतरणे: दोन वेगळ्या गोष्टी

क्लॅमच्या मँटलमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशात अन्न तयार करून त्याला देते. हे शैवाल निघून गेले की मँटल फिके, पुढे पांढरट आणि अर्धपारदर्शक होते. वाढलेले तापमान आणि अचानक वाढलेला प्रकाश ही याची नेहमीची कारणे. १९९८ च्या उष्ण काळात ग्रेट बॅरिअर रीफवरील महाकाय क्लॅमही असेच पांढरे पडले होते, आणि त्यातील बरेचसे पुढे काही महिन्यांत सावरले. घरच्या टँकमध्येही पांढरा पडलेला पण सावलीला झटकन प्रतिसाद देणारा क्लॅम वाचवता येतो.

नव्या क्लॅमचा रंग पहिल्या दोन आठवड्यांत, ठिगळासारखा आणि विशेषतः मधल्या भागातून उतरू लागला तर प्रकाशाचा धक्का समजावा. क्रोसिया आणि मॅक्सिमा यांना भरपूर प्रकाश लागतो हे खरे, पण ते ज्या प्रकाशातून आले तो ठाऊक नसतो. म्हणून त्यांना आधी टँकच्या तळाजवळ ठेवून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर आणावे, किंवा दिव्याची तीव्रता पायरीपायरीने वाढवावी. धक्का बसलाच असेल तर क्लॅम उचलून हलवण्यापेक्षा दिवा कमी करणे बरे, आणि तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअसमध्ये स्थिर ठेवावे.

दुसरी गोष्ट सावकाश घडते. महिना-दोन महिन्यांत संपूर्ण मँटल सारखेच फिके होत जाते, पसरण कमी होते आणि शिंपल्याच्या कडेला नवी पांढरी पट्टी येत नाही. ही उपासमार असते. ती दोन प्रकारे होते: प्रकाश कमी पडल्याने, किंवा पाणी अतिस्वच्छ असल्याने. प्रकाश कमी असल्यास क्लॅम बऱ्याचदा मँटल वाजवीपेक्षा जास्त ताणून पसरतो आणि रंग फिका होण्याऐवजी तपकिरीकडे झुकतो, ही त्यातल्या त्यात ओळखण्याची खूण. पाण्याबाबत पाळणाऱ्यांची गल्लत होते. क्लॅम आणि त्यातले शैवाल पाण्यातील अमोनिया व नायट्रेट वापरतात. ज्या टँकमध्ये नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणण्याचा अट्टाहास असतो तेथे तो खंगतो. नायट्रेट ५ पीपीएमच्या (दर दहा लाख भागांत पाच भाग) आसपास असणे हा क्लॅमच्या दृष्टीने दोष नाही. शिवाय क्लॅम पाणी गाळूनही खातो, आणि लहान वयात त्याचा या अन्नावरचा भर मोठेपणापेक्षा अधिक असतो. पाच-सहा सेंटिमीटरच्या क्लॅमला जिवंत वनस्पतीप्लवक देण्याचा उपयोग होतो, फक्त ते इतके ओतू नये की पाणी बिघडेल.

पाण्याची तपासणी

ही येथे आली याचा अर्थ ती बिनमहत्त्वाची आहे असा नाही. ती पहिल्याच दिवशी एकदा करून लिहून ठेवावी आणि संपूर्ण मँटल एकसारखे आखडलेले असेल तेव्हा पुन्हा करावी. खारटपणा ३५ पीपीटी, अल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच (ती मोजण्याचे एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम आणि अमोनिया शून्य, असे आकडे असावेत. आकड्यापेक्षा त्यातला चढउतार अधिक त्रास देतो, विशेषतः अल्कलिनिटीचा. वाढणारे क्लॅम ती रोज वापरतात, म्हणून एकापेक्षा अधिक क्लॅम आणल्यावर ती भरून काढणारा जुना डोस पुरेनासा होतो.

तांबे मात्र वेगळ्या कोटीतले. माशांच्या औषधातून आलेले तांबे शिंपल्यांच्या प्राण्यांना अत्यल्प प्रमाणातही घातक असते, आणि पूर्वी औषध दिलेल्या टाकीतील खडक किंवा वाळू वापरल्यास ते हळूहळू पाण्यात उतरते. गोगलगाई, कोळंब्या आणि क्लॅम असे सगळेच अपृष्ठवंशी प्राणी एकाच वेळी मलूल झाले तर आधी याचा विचार करावा.

आखडलेले, चिमटल्यासारखे मँटल

पाणी ठीक, मासे निर्दोष, गोगलगाई नाहीत, पाय शाबूत, आणि तरीही मँटलची कड एखाद्या-दोन ठिकाणी चिमटीत धरल्यासारखी आत ओढलेली, सुरकुतलेली आणि दिवसेंदिवस वाढत जाणारी, असे दिसले तर त्याला पाळणारे लोक पिंच्ड मँटल म्हणतात. सूक्ष्म परजीवींमुळे हे होते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पर्किन्सस हा एकपेशीय परजीवी जंगली आणि शेतीतल्या क्लॅममध्ये आढळलेला आहे, परंतु त्याचे निश्चित निदान मांसाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेतच होते. काचेबाहेरून पाहून त्याचे नाव घेणे हा केवळ अंदाज असतो.

यावर अनुभवी पाळणारे गोड्या पाण्याची अंघोळ देतात. शुद्ध आरओ पाण्याचे तापमान आणि पीएच टँकइतकेच करून क्लॅम त्यात साधारण २० ते ३० मिनिटे ठेवतात आणि नंतर टँकमध्ये परत नेतात. अनेकांना याचा गुण आल्याचे दिसते, पण हा उपाय कठोर आहे. फाटलेला पाय, पांढरे पडलेले मँटल किंवा वासलेला शिंपला असलेल्या क्लॅमवर तो करू नये. आणि वरील सगळी कारणे वगळल्याशिवाय तर मुळीच नाही. त्यात ठेवताना आधी हवेचे बुडबुडे काढावेत आणि पूर्ण वेळ समोर बसून राहावे. टँकमध्ये दुसरे क्लॅम असतील तर त्यांचीही त्याच दिवशी तपासणी करावी.

वासलेला शिंपला

पाणी आत घेणारा सायफन ताणून उघडा राहतो आणि आतल्या कल्ल्यांच्या पट्ट्या सहज दिसतात, ही ताणाची खूण आहे. अशा क्लॅमला अजून अवधी असतो. शिंपला मिटणारा स्नायू ढिला पडून दोन्ही पुटे फाकलेली, मँटल आत घसरलेले आणि सावलीला प्रतिसाद नाही, हा त्यापुढचा टप्पा. मऊ पिसाने मँटलच्या कडेला हलकेच स्पर्श करावा. थोडीही हालचाल झाली तर क्लॅम मंद प्रवाहाच्या, कमी प्रकाशाच्या जागी राहू द्यावा आणि त्या दिवशी दुसरे काही करू नये. हालचाल नसेल, मँटल शिंपल्यापासून सुटू लागले असेल किंवा पाण्याबाहेर काढल्यावर कुजका वास आला, तर तो त्याच क्षणी बाहेर काढावा. मोठ्या क्लॅमचे मांस एका रात्रीत टँकचा अमोनिया वाढवू शकते, म्हणून सक्रिय कार्बन घालून पाणी बदलावे आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया मोजावा.

मेलेल्या क्लॅमचा शिंपला लगेच टाकून देऊ नये. तो धुऊन उजेडात धरावा आणि भिंग घेऊन पाहावे. एका बाजूला स्वच्छ गोल भोक असेल तर भोक पाडणारी गोगलगाय टँकमध्ये अजूनही आहे. कवचात अनेक बारीक, वेडीवाकडी भोके आणि त्यांत स्पंजाचे अवशेष असतील तर पोखरणाऱ्या स्पंजाने तो आधीच कमकुवत केला होता. खवल्यांच्या पोटाशी जेलीचे थर वाळलेले सापडले तर राहिलेल्या क्लॅमवर आज रात्रीच टॉर्च मारावा. आणि वरच्या कडेला, आणल्या दिवशीच्या फोटोशी ताडून पाहता, नव्या कवचाची केसभरही पट्टी नसेल, तर तो तुमच्या टँकमध्ये एक दिवसही वाढला नव्हता, आणि कारण त्याच्यासोबत पिशवीतूनच आले असण्याची शक्यता अधिक आहे.